इंटरनेटचे शेअर, तज्ज्ञांचा पैसा आणि आपली सही

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात 'कुटुंबातला पैसा' या सत्रात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्यातला सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



सत्राचा विषय कळल्यावर काल चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारले, "शेअर बाजार आणि तोही इंटरनेट कंपन्यांचा, याचा आपल्याशी काय संबंध? आपल्याकडे येणाऱ्या बायांची रेशनची मारामार." प्रश्न बरोबर आहे आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

सल्ला केंद्रात बाई आली की आपण तिची माहिती लिहून घेतो. लग्न कधी झाले, मुले किती, मारहाण कधीपासून, घर कोणाच्या नावावर, दागिने कोणाकडे. गेल्या चार-पाच वर्षांत या तक्त्यात एक नवी ओळ घालावी लागली आहे: 'तुमच्या नावावर डीमॅट खाते आहे का?' डीमॅट खाते म्हणजे शेअर ठेवण्याचे खाते. बँकेत पैसे असतात तसे तिथे शेअर असतात. बरेचदा बाई म्हणते, "नाही." मग थांबून म्हणते, "त्यांनी एकदा पॅन कार्ड आणि आधार घेतले होते. मोबाइलवर नंबर आला तो सांगितला होता." म्हणजे खाते आहे. मार्च २०२० मध्ये आपल्या देशात चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती. मार्च २०२२ मध्ये ती नऊ कोटींच्या जवळ गेली, आणि २०२४ मध्ये पंधरा कोटींच्या पुढे. ही खाती केवळ दलाल स्ट्रीटवरच्या शेटजींची नाहीत. रिक्षावाले, शिक्षक, एसटीतले वाहक, पतपेढीतले कारकून यांची आणि त्यांच्या बायकांची आहेत.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्हाला बचत गट शिकवले, कर्जफेड शिकवली. शेअर कोणी शिकवला नाही. मी जे बोलणार आहे ते वाचून, विचारून, केंद्रातली कागदपत्रे चाळून जमवलेले आहे. कोणता शेअर घ्यावा हे मी सांगणार नाही. या बाजारात मोठा माणूस कसा वागतो, लहान माणूस कसा वागतो आणि दोघांच्या मध्ये बाईची सही कुठे येते, एवढेच मांडणार आहे.

इंटरनेट कंपनीचा शेअर वेगळा का?

साखर कारखाना घ्या. ऊस किती आला, साखर किती निघाली, भाव काय मिळाला, कर्ज किती, याचा अंदाज गावातला शेतकरीही बांधतो. इंटरनेटवरच्या कंपनीचे तसे नसते. ती कंपनी बाजारात येते तेव्हा बहुतेक वेळा तोट्यात असते. ग्राहक जमवायचे म्हणून ती स्वस्त विकते, सवलती देते, जाहिरातींवर पैसा ओतते. मग तिची किंमत कशावरून ठरवायची? उद्या ती केवढी होईल यावरून. आणि उद्या कोणी पाहिलेला नसतो. म्हणून या शेअरच्या किमतीत हिशेब थोडा आणि गोष्ट जास्त असते. जो गोष्ट चांगली सांगतो त्याचा शेअर वर जातो. अशा ठिकाणी गोष्ट सांगणारा कोण, ऐकणारा कोण आणि सांगणाऱ्याला त्यातून काय मिळते, हे विचारणे फार महत्त्वाचे ठरते.

अमेरिकेत काय झाले

हा खेळ सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला तो अमेरिकेत, १९९५ ते २००० या काळात. ऑगस्ट १९९५ मध्ये नेटस्केप नावाची कंपनी बाजारात आली. तिचे वय जेमतेम सोळा महिने, नफा नाही. शेअर विकला गेला २८ डॉलरला आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्याचा भाव होता ५८ डॉलरच्या वर. तिथून रांग लागली. पुढे तर अशी वेळ आली की धंदा तोच ठेवून कंपनीने नावापुढे 'डॉट कॉम' जोडले तरी भाव चढायचा. कूपर, दिमित्रोव्ह आणि राऊ या अभ्यासकांनी १९९८-९९ मधल्या अशा ९५ नामांतरांचा अभ्यास केला. नाव बदलल्याची घोषणा झाली त्याच्या आगेमागे दहा दिवसांत, बाजाराच्या सर्वसाधारण चढउताराच्या वर, हे शेअर सरासरी ७४ टक्क्यांनी वाढले होते. पुष्कळ कंपन्यांचा इंटरनेटशी फारसा संबंधही नव्हता.

अशा कंपन्यांचा भरणा असलेल्या नॅसडॅक बाजाराचा निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५०४८ वर पोचला. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १११४ वर होता. शंभराचे बावीस झाले. पुन्हा जुन्या उंचीवर यायला त्याला २०१५ साल उजाडले. तीस वर्षांच्या माणसाला पंधरा वर्षे थांबणे जमेल. निवृत्तीचा पैसा घातलेल्या बाईला कसे जमेल?

ॲमेझॉनचे उदाहरण नेहमी दिले जाते. खरेच, १९९७ साली १८ डॉलरला विकलेला तो शेअर पुढे प्रचंड वाढला. पण मधल्या काळात, १९९९ च्या अखेरीपासून २००१ च्या सप्टेंबरपर्यंत, त्याची नव्वद टक्क्यांहून अधिक किंमत गेली होती हे कोणी सांगत नाही. आणि त्याच काळात आलेल्या पेट्स डॉट कॉम, ईटॉइज, वेबव्हॅन या कंपन्या बंद पडल्या, हेही सांगितले जात नाही. पेट्स डॉट कॉम फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिने गाशा गुंडाळला.

तज्ज्ञ कसे वागले

आपल्याला वाटते, लहान माणूस भुलतो आणि तज्ज्ञ शहाणपणाने दूर राहतो. तसे झाले नाही. तज्ज्ञांचे निदान तीन प्रकार दिसले.

पहिला प्रकार, हे खोटे आहे असे म्हणून बाजूला राहणाऱ्यांचा. ज्युलियन रॉबर्टसन हे त्यांतले मोठे नाव. इंटरनेटचे शेअर घ्यायला त्यांनी नकार दिला. मग दुसरे कमावताहेत आणि तुम्ही नाही, असे म्हणत लोकांनी त्यांच्या फंडातून पैसे काढून घेतले. मार्च २००० च्या शेवटी त्यांनी फंड बंद केला. निर्देशांकाने शिखर गाठून तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. त्यांचे म्हणणे खरे ठरले, पण ते खरे ठरेपर्यंत टिकून राहण्याइतके पैसे त्यांच्याकडे उरले नाहीत.

दुसरा प्रकार, हे टिकणार नाही हे ठाऊक असूनही चढत्या भावावर स्वार होणाऱ्यांचा. ब्रुनरमायर आणि नागेल या दोन अभ्यासकांनी २००४ मध्ये हेज फंडांचे, म्हणजे श्रीमंतांचा पैसा सांभाळणाऱ्या फंडांचे, व्यवहार तपासले. हे फंड फुग्याच्या विरोधात उभे राहिले नव्हते, ते त्यात बसले होते. आणि एकेका शेअरची घसरण सुरू होण्याआधी त्यांतल्या बऱ्याच जणांनी आपला वाटा कमी केला होता. त्यांनी विकले तेव्हा घेतले कोणी, हा प्रश्न आपण विचारायचा.

तिसरा प्रकार, तज्ज्ञ असूनही मोह न आवरलेल्यांचा. जॉर्ज सोरोस यांचा फंड चालवणारे स्टॅन्ली ड्रकनमिलर यांनी पुढे स्वतःच जाहीर भाषणात सांगितले आहे की २००० साली अगदी शिखरावर असताना त्यांनी सहा अब्ज डॉलरचे हे शेअर घेतले आणि सहा आठवड्यांत तीन अब्ज गमावले. लोभ काही अडाण्यांचा रोग नाही.

आणखी एक वर्ग होता, सल्ला देणाऱ्यांचा. मोठ्या बँकांमधले विश्लेषक दूरदर्शन वाहिन्यांवर येऊन 'घ्या' म्हणून सांगत. त्याच बँका त्याच कंपन्यांचे शेअर बाजारात आणण्याचे काम करून शुल्क घेत. मेरिल लिंचचे विश्लेषक हेन्री ब्लॉजेट यांची कार्यालयीन पत्रे न्यूयॉर्कचे सरकारी वकील एलियट स्पिट्झर यांनी २००२ मध्ये उघड केली, तेव्हा असे दिसले की लोकांना चांगले म्हणून सांगितलेल्या काही शेअरना ते आतल्या पत्रव्यवहारात कचरा म्हणत होते. मेरिल लिंचने दहा कोटी डॉलर भरून ते प्रकरण मिटवले. ब्लॉजेट यांना २००३ मध्ये चाळीस लाख डॉलर भरावे लागले आणि या धंद्यातून कायमचे बाहेर जावे लागले. त्याच वर्षी दहा मोठ्या संस्थांनी मिळून सुमारे १.४ अब्ज डॉलर भरण्याचे मान्य केले. नव्या शेअरचे वाटप करताना, ज्या कंपन्यांचे काम मिळवायचे त्यांच्या अधिकाऱ्यांना स्वस्तातले शेअर आधी देण्याची रीतही त्या निमित्ताने बाहेर आली. म्हणजे २८ डॉलरला शेअर मिळणारे वेगळे आणि ५८ डॉलरला घेणारे वेगळे होते.

लहान माणूस आणि लहान बाई

त्याच सुमारास अमेरिकेत संगणकावरून शेअर घेणे सोपे आणि स्वस्त झाले. नोकरी सोडून दिवसभर खरेदी-विक्री करणारे लोक तयार झाले. बार्बर आणि ओडीन या दोन अभ्यासकांचे काम आपल्या दृष्टीने मोलाचे आहे. त्यांनी १९९१ ते १९९७ मधल्या एका दलाली संस्थेच्या ३५,००० हून अधिक कुटुंबांच्या खात्यांचा अभ्यास करून २००१ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. पुरुष बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त उलाढाल करत होते. या उलाढालीमुळे पुरुषांचे उत्पन्न वर्षाला २.६५ टक्के गुणांनी घटले, बायकांचे १.७२ ने. नुकसान दोघांचेही झाले, पण पुरुषांचे अधिक. अभ्यासकांनी याचे कारण फाजील आत्मविश्वास असे दिले आहे.

बायका जन्मतःच शहाण्या असतात असे मी यातून सुचवत नाही. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा आपल्याला देव्हाऱ्यात बसवणे. पण 'तुला यातले काय कळते' हे जे वाक्य घराघरात ऐकू येते त्याला या आकड्यांत काही आधार नाही, एवढे ठामपणे म्हणता येते.

आपल्याकडे

अमेरिकेतला फुगा फुटला तेव्हा आपल्याकडेही आवाज झाला. संगणक, दूरसंचार, माध्यमे यांच्या शेअरवर केतन पारेख याने उभा केलेला डोलारा मार्च २००१ मध्ये कोसळला. त्यात अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक बुडाली. तिच्या ठेवीदारांनी कधी शेअर घेतला नव्हता. त्याच वर्षी जुलैत युनिट ट्रस्टने 'यूएस-६४' योजनेची खरेदी-विक्री थांबवली. १९६४ सालची ही योजना मध्यमवर्गीय घरांत सरकारी ठेवीसारखीच मानली जात असे. जवळजवळ दोन कोटी खातेदार, त्यांत निवृत्त शिक्षिका, विधवा, मुलीच्या लग्नासाठी साठवणाऱ्या आया. युनिटचा भाव आधी चौदा रुपयांच्या आसपास होता. मग ठराविक संख्येपर्यंतच्या युनिटना दहा रुपयांपासून परतफेड सुरू झाली. या योजनेचाही पैसा त्या शेअरांत गेला होता. तज्ज्ञांच्या हाती दिले म्हणजे सुरक्षित, हा समज तेव्हाच तुटायला हवा होता.

आता अलीकडचे, २०२१ सालचे. टाळेबंदीनंतर झोमॅटो, नायका, पेटीएम या कंपन्या चार महिन्यांच्या अंतराने बाजारात आल्या. यांची नावे घरकाम करणाऱ्या बाईलाही माहीत. त्यामुळे 'ओळखीची कंपनी' म्हणून विश्वास बसला.

इथे एक नियम समजून घ्या. नफ्याची ठराविक परंपरा नसलेल्या कंपनीच्या भागविक्रीत सेबीच्या नियमानुसार किमान ७५ टक्के शेअर संस्थांना द्यावे लागतात. लहान गुंतवणूकदारांना, म्हणजे दोन लाखांपर्यंत अर्ज करणाऱ्यांना, जास्तीत जास्त १० टक्के. नियमाचा हेतू चांगला आहे. धोका मोठ्यांनी पत्करावा. पण परिणाम असा होतो की शेअर दुर्मिळ वाटतो आणि दुर्मिळ म्हटले की झुंबड उडते. अर्ज जास्त आले की सोडत निघते. मग एका घरातून चार पॅन कार्डांवर चार अर्ज जातात: नवऱ्याचा, बायकोचा, सासूचा, नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या मुलीचा.

पेटीएमचा हिशेब पाहू. भागविक्री १८,३०० कोटींची. त्यातले १०,००० कोटी कंपनीला मिळायचेच नव्हते. ते आधीपासून पैसा घातलेल्यांना आपले शेअर विकून मिळायचे होते. शेअरची किंमत २१५० रुपये, कमीत कमी सहा शेअर, म्हणजे १२,९०० रुपये. १८ नोव्हेंबर २०२१ ला व्यवहार सुरू झाले आणि संध्याकाळी भाव होता १५६४. १२,९०० चे एका दिवसात ९,३८४ झाले. त्याच दिवशी मॅक्वायरी या परदेशी संस्थेने या शेअरची वाजवी किंमत १२०० असल्याचा अहवाल दिला. अहवाल आला तेव्हा अर्ज भरून, शेअर मिळून, सगळे आटोपले होते. पुढे जानेवारी २०२४ च्या अखेरीस रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर कारवाई केल्यानंतर हा भाव सव्वातीनशेच्याही खाली गेला.

यात मोठे लोक बुडाले नाहीत का? बुडाले. वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपले उरलेले शेअर ८७७ रुपयांच्या भावाने विकले, खरेदीच्या भावापेक्षा बरेच कमी. कॅनडाच्या सरकारी पेन्शन फंडानेही पेटीएमच्या भागविक्रीआधी अँकर म्हणून शेअर घेतले होते. त्या फंडातला पैसा तिथल्या नोकरदार बायाबापड्यांचाच. पण फरक बघा. बर्कशायरसारख्या संस्थेला हा तोटा वार्षिक अहवालातल्या एखाद्या ओळीइतका. आपल्याकडे तोच तोटा एक मंगळसूत्र असतो.

झोमॅटोची गोष्ट उलट. ७६ रुपयांना मिळालेला शेअर जुलै २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी शंभराच्या वर. वर्षभराने, जुने भागधारक ज्या मुदतीपर्यंत विकू शकत नाहीत ती मुदत संपली आणि भाव ४१ च्या आसपास आला. डिसेंबर २०२४ मध्ये तोच २८० च्या पुढे. इन्फो एज या कंपनीने २०१० साली झोमॅटोत पाच कोटींच्या आत रक्कम घालून सुरुवात केली होती. तिने भागविक्रीतच ३७५ कोटींचे शेअर विकले आणि मोठा हिस्सा ठेवूनही दिला. आपल्या घरातल्याने मात्र शंभरावर घेतले, पन्नासला घाबरून किंवा मुलाची फी आली म्हणून विकले, आणि २८० ला तो फक्त हळहळला.

नायका ही फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये उभी केलेली कंपनी. एका बाईची कंपनी म्हणून आपल्यापैकी पुष्कळजणींना अभिमान वाटला, मलाही वाटला. ११२५ रुपयांचा शेअर पहिल्या दिवशी जवळजवळ दुप्पट झाला. वर्षाने जुन्या भागधारकांची मुदत संपण्याच्या सुमारासच कंपनीने एकास पाच असे बोनस शेअर दिले आणि त्या वेळेवर बरीच टीका झाली. बोनस धरून हिशेब केला तर ११२५ म्हणजे साडेसत्त्याऐंशी अधिक शंभर, १८७ रुपये ५० पैसे. २०२३ च्या सुरुवातीला भाव त्याच्याही बराच खाली होता. बाईच्या कर्तृत्वाचा अभिमान जरूर बाळगा. पण अभिमान आणि शेअरचा भाव यांचे हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहा.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ मधल्या १४४ भागविक्री त्यात तपासल्या. व्यक्तिगत गुंतवणूकदारांनी मिळालेल्या शेअरपैकी, किमतीच्या हिशेबात, निम्मे एका आठवड्यात विकून टाकले. बँकांनी जवळजवळ ८० टक्के विकले, म्युच्युअल फंडांनी मात्र तीन-साडेतीन टक्केच. म्हणजे झटपट नफा पाहणारे व्यावसायिकही आहेत. याहून बोलका आकडा पुढचा. आठवड्यात २० टक्क्यांहून जास्त फायदा दिसला तेव्हा लोकांनी दोनतृतीयांश शेअर विकले. तोटा दिसला तेव्हा एकचतुर्थांशही विकले नाहीत. फायदा लगेच खिशात आणि तोटा मात्र 'येईल कधीतरी वर' म्हणून कपाटात. माझ्याकडे येणाऱ्या घरांत हेच दिसते. कपाटातला तोटा झाकायला मग कर्ज, कर्ज झाकायला फ्युचर्स-ऑप्शन्सचा सट्टा. त्या सट्ट्यात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांचे नुकसान झाले, एकूण १ लाख ८० हजार कोटींहून अधिक, असेही सेबीनेच सांगितले आहे.

सही कोणाची, निर्णय कोणाचा

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येते. लहान गुंतवणूकदार म्हणतात तो एक माणूस नसतो, ते एक घर असते. पॅन बाईचे, बँक खाते बाईचे, मोबाइल नंबर नवऱ्याचा आणि निर्णयही त्याचाच.

आमच्या केंद्रातल्या एका ताईंची हकिकत सांगते, ओळख पटेल असे काही न सांगता. नवऱ्याने घराबाहेर काढले, पोटगीचा अर्ज केला. नवऱ्याच्या वकिलांनी न्यायालयात तिच्याच नावाच्या डीमॅट खात्याचा उतारा ठेवला. वर्षभरात काही लाखांची उलाढाल. म्हणणे असे की ही बाई शेअर बाजारात पैसे कमावते, हिला पोटगी कशाला? ती बाई शिवणकाम करून महिन्याला जेमतेम सहा-सात हजार मिळवणारी. आम्ही तिच्या पॅनवरून डिपॉझिटरीकडून सगळ्या खात्यांचे एकत्रित विवरण मागवले, बँकेचा उतारा काढला. खात्याला जोडलेला मोबाइल नवऱ्याचा निघाला. अर्जाच्या आदल्या दिवशी त्याच्या खात्यातून तिच्या खात्यात पैसे, शेअर विकले की दोन दिवसांत ते परत त्याच्याकडे. हे कागद तारखांसह मांडल्यावर त्या युक्तिवादातला दम गेला. पण हे करायला आठ महिने लागले आणि ते आठ महिने ती भावाच्या घरी स्वयंपाकघरात झोपत होती.

या कामात कायद्याचा आधार आहे, तो वापरायला हवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळाची जी व्याख्या आहे त्यात मालमत्तेची परस्पर विल्हेवाट येते आणि त्यात शेअर, रोखे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात, पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे सांगितले. त्यात शेअरही दाखवावे लागतात. आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की शेअरच्या खात्यावर नॉमिनी म्हणून ज्याचे नाव आहे तो मालक होत नाही, वारसांचा हक्क कायम राहतो. दिराचे नाव नॉमिनी म्हणून लावले असले तरी विधवेचा हक्क बुडत नाही.

मग आपण काय करायचे?

आपल्या चळवळीतल्या काही मैत्रिणी म्हणतात, हा सगळा भांडवलदारांचा जुगार आहे, त्यात बायांना नेऊच नये. त्यांची चीड मला समजते. पण बाई त्यात आधीच आहे, नुसती सही बनून. तिला बाहेर राहा म्हणून सांगितल्याने तिची सही बाहेर येत नाही. शिवाय स्वतःच्या कमाईतून विचारपूर्वक धोका पत्करण्याचा हक्क पुरुषाला असेल तर तो तिलाही आहे. आपले काम तिला आत ढकलण्याचे किंवा बाहेर ओढण्याचे नाही. आत आहे ते काय, हे तिला वाचता यावे, एवढे व्हायला हवे.

मोठ्या गुंतवणूकदाराकडे चार गोष्टी असतात: माहिती आधी मिळते, शेअर मूळ किमतीला मिळतो, तोटा सोसायला वेळ असतो आणि पैसा बहुतेक वेळा दुसऱ्याचा असतो. आपल्याकडे या चारपैकी एकही नसते. म्हणून त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही. गटाच्या बैठकीत मात्र काही गोष्टी घेता येतील.

एक, प्रत्येकीने आपल्या पॅनवर कोणती खाती आहेत ते तपासावे आणि खात्याला स्वतःचा मोबाइल नंबर जोडून घ्यावा.

दोन, ओटीपी म्हणजे सही. न वाचता सही करायची नाही हे आपण बचत गटात शिकलो. तोच नियम मोबाइलवर.

तीन, कोणी शेअर सुचवला की विचारावे: हे विकतोय कोण, पैसा कंपनीला जाणार की जुन्या मालकांना, आणि सांगणाऱ्याला यातून काय मिळते? ही माहिती कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली असते. इंग्रजीत असते, म्हणून गटात कोणीतरी वाचून सांगावी.

चार, दागिने, पोटगीची रक्कम, गटाचे कर्ज आणि मुलांची फी यांतला एक रुपयाही या शेअरांत जाऊ नये. पाच-दहा वर्षे लागणार नाही आणि गेला तर चूल बंद पडणार नाही, एवढाच पैसा बाजारात घालायचा असतो.

पाच, सल्ला केंद्राच्या तक्त्यात डीमॅट खात्याची ओळ आणि एकत्रित विवरण मागवण्याची सोय असावी.

सहा, आपण मागणीही करू. नवे खाते उघडताना आणि भागविक्रीचा अर्ज करताना बाईला तिच्या भाषेत माहिती मिळाली पाहिजे. मराठीत संक्षिप्त माहितीपत्रक आणि अर्जदाराच्या स्वतःच्याच मोबाइलवर खात्री, एवढे तरी सेबीकडे एकत्रितपणे मागायला हरकत नाही.

दुपारच्या गटचर्चेत प्रत्येक गटाला पेटीएमचा हिशेब दिला आहे: सहा शेअर, २१५० रुपये, चार पॅन कार्डे. त्यातले किती पैसे कोणाकडून कोणाकडे गेले ते कागदावर मांडा. गणित चौथीचे आहे. अडले तर मी याच खोलीत आहे.